रफिकभाईंचा शनिवारचा कॉल

आमच्या धंद्यात सगळं सुरळीत चाललं की सांगण्यासारखं काहीच उरत नाही. बॅकअपवाल्याला कोणी "आज काही हरवलं नाही हं, छान काम केलंस" असं म्हणत नाही. आठवतात ते बिघाडाचे दिवस. असे दिवस साचत गेले की चार मित्र जमल्यावर तोंडाला कुलूप लावणं अवघड जातं.

मी अमरावतीत एका शेती सल्ला केंद्राच्या सर्व्हरवर होतो. शेतकरी फोन करायचे, आमच्या मुली ऐकून सल्ला द्यायच्या आणि प्रत्येक कॉल रेकॉर्ड व्हायचा. वऱ्हाडात तेव्हा वर्षामागून वर्षं वाईट जात होती. पेपर उघडायची भीती वाटायची. त्यामुळे आमचे इंगोले साहेब रोज एकच बजावायचे, "फोन वाजला की उचलला गेला पाहिजे. अन् बोललेलं हरवलं नाही पाहिजे." पहिलं काम मुलींचं होतं, दुसरं माझं आणि अकोल्याचं मशीन सांभाळणाऱ्या रफिकभाईंचं.

* * *

इंगोले साहेब मनाने सोनं, पण कॉम्प्युटरशी त्यांचा छत्तीसचा आकडा. व्हर्च्युअल मशीन आली तेव्हा मी त्यांना समजावलं, की एकाच डब्यात आता चार सर्व्हर चालतात. साहेब डब्याभोवती एक फेरी मारून आले.

"बाकीचे तीन कुठी हायेत?"

"यातच आहेत, सर."

"दिसत तर नाहीत."

"दिसत नाहीत, पण चालतात."

साहेबांनी मान डोलावली. पुढच्याच आठवड्यात तपासणीला पथक आलं. कागदावर चार सर्व्हर होते आणि खोलीत डबा एकच. पथकातले गृहस्थ हटून बसले, की प्रत्येक सर्व्हरवर नंबराचं स्टिकर पाहिजे. शेवटी साहेबांनी चारही स्टिकर त्या एकाच डब्यावर ओळीने चिकटवली आणि म्हणाले, "घ्या, एकत्र कुटुंब हाय." पथकाने सही केली.

* * *

आमची व्यवस्था अशी होती, की अमरावतीचं मशीन बंद पडलं तर अकोल्याचं त्याचं जुळं आपोआप सुरू व्हावं. कागदावर फारच देखणं दिसायचं ते. पहिल्याच उन्हाळ्यात भारनियमनात अमरावतीची लाइन गेली, बॅटरी संपली आणि खरंच, काम अकोल्यात सुरू झालं. मी खूश होऊन रफिकभाईंना फोन लावला.

ते म्हणाले, "गजूभाऊ, तुमची लाइन गेली म्हणून मशीन माह्याकडे आलं. आता माही लाइन गेली. आता हे कुठी जाईन?"

दोन्ही गावांच्या भारनियमनाचा वेळ एकच होता, हे आमच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं. तेवढा वेळ फोन वाजत राहिले असणार आणि कोणी उचलले नसणार. त्यात कोणाचा फोन होता, हे कधीच कळलं नाही. आम्ही त्यावर हसलो खरे, पण साहेबांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

* * *

एकदा पाहुणे येणार म्हणून साहेबांनी स्वतः साफसफाई काढली. टेबल पुसलं, फाइली लावल्या आणि त्याच झपाट्यात कॉम्प्युटरवरचं एक जुनं फोल्डरही उडवलं. त्यात गावोगावच्या पावसाच्या नोंदी होत्या. साहेबांचा चेहरा उतरला. मी ऐटीत म्हणालो, "सर, काळजी नको. जशीच्या तशी प्रत अकोल्याला आहे."

रफिकभाईंनी बघून सांगितलं, "तुमच्याकडून जे येते ते मी जसंच्या तसं घेतो. पुसलेलंही घेतलं."

जुळ्या मशीनचा हा गुण आहे. इकडे चूक झाली, की तीच चूक तिकडेही तितक्याच इमानदारीने होते. पावसाच्या नोंदी गेल्या त्या गेल्या. त्या दिवसापासून आम्ही वेगळा बॅकअप सुरू केला, डिस्कवर. इंटरनेटची चाल तेव्हा अशी, की डिस्क एसटीने नेलेली लवकर पोचायची. रफिकभाईंची सासुरवाडी अमरावतीची. दर आठवड्याला ते इकडे यायचे आणि जाताना सासूबाईंच्या डब्याच्या पिशवीतून डिस्क न्यायचे.

एकदा मूर्तिजापूरच्या पुढे शेजारच्या बाईंनी विचारलं, "एवढं काय जपून राहिले बाप्पा पिशवीत?"

"लोकाइचं बोलणं हाय, मावशी. फोनवरचं."

बाईंनी आपली भाजीची थैली सीटवरून खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मंग ते वर ठेवा."

* * *

बॅकअप घेतला म्हणजे तो परत मिळतोच असं नाही. म्हणून दर शनिवारी रफिकभाई डिस्कवरून अख्खं मशीन पुन्हा उभं करायचे आणि त्यातला एक कॉल वाजवून बघायचे. दर वेळी तोच कॉल. नाव-नंबर काढून त्यांनी तो 'टेस्ट' म्हणून वेगळ्या कप्प्यात कायमचा टाकला होता. मी अमरावतीहून फोनवर ऐकत असायचो.

एक म्हातारे गृहस्थ विचारतात, "कपाशी लाल पडून राहिली, काहून?" आमची वैशाली त्यांना फवारणी सांगते. मागे कोंबडी ओरडते. ते खोकतात, औषधाचं नाव पुन्हा विचारतात. आणि फोन ठेवण्याआधी म्हणतात, "जेवली का वं माय?" वैशाली जरा गप्प होते, मग हसते. "नाही काका, अजून." "मंग जेव आधी."

इथे रफिकभाई म्हणायचे, "पास."

मी कंटाळून एकदा म्हणालो, "भाई, कधी तरी दुसरा लावा की."

"दुसरा लावला तर बरोबर वाजला का नाही, मले कसं समजंन? हा मले पाठ हाय. खोकला कमी झाला तरी धरतो मी."

* * *

काही वर्षांनी एका दुपारी नांदगाव खंडेश्वरकडची एक बाई ऑफिसात आली. सुनंदा तिचं नाव. वडील पावसाळ्यात तापाने गेले होते. घरी त्यांचा फोटो होता, आवाज मात्र कशातच नव्हता. ते आमच्याकडे फोन करायचे, एवढं तिला ठाऊक होतं.

"एक डाव आयकाले भेटला असता, तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

मी तिने दिलेला नंबर शोधला. वर्षभरानंतर कॉल पुसायचे, हा आमचा नियम. अमरावतीत काही नव्हतं, म्हणजे अकोल्यातही नव्हतं. जुन्या डिस्कवर नवं भरलेलं. एवढ्या प्रती ठेवणारा माणूस मी, आणि तिला द्यायला माझ्याकडे एकही नव्हती. फार वाईट वाटलं. तिला तसं सांगितलं.

"राहू द्या भाऊ, तुमाले उगाच तरास." तिने चहा घेतला आणि पिशवी उचलली. दारात थांबून सहज म्हणाली, "बाबा कोणाशीबी बोलले, का शेवटी जेवणाचं इचारतच. मले तर रोजच. जेवली का वं माय, म्हणून."

मी तिला बसायला सांगितलं आणि अकोल्याला फोन लावला.

"रफिकभाई, शनिवारचा कॉल लावा."

"आज तर बुधवार हाय."

"काही विचारू नका. लावा."

मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. कपाशी लाल पडली. कोंबडी ओरडली. सुनंदाने पदर तोंडाशी धरला. खोकला आला, औषधाचं नाव पुन्हा विचारून झालं.

"जेवली का वं माय?"

वैशाली नेहमीसारखी जरा गप्प झाली.

"हो बाबा," सुनंदा म्हणाली, "जेवली."

मग वैशाली हसली, पुढचं सगळं नेहमीसारखं वाजलं आणि कॉल संपला. रफिकभाई "पास" म्हणाले नाहीत. पलीकडून त्यांचा आवाज आला.

"गजूभाऊ, आज यात एक आवाज जास्त हाय."