आत्यानं बसवलेली चौकट

धक्क्यामागच्या शेडमध्ये जाळी शिवणाऱ्या बाईला सगळं गाव आत्या म्हणायचं. खरी आत्या ती एकाच होडीवाल्याची, पण तिच्या जिभेचा पट्टा सगळ्यांवर सारखाच चालायचा.

सीलच्या शिकारीवर बंदी आली आणि बऱ्याच वर्षांनी ते मिशाळ समुद्री प्राणी किनाऱ्याला परतले. पाहुणे कौतुकानं फोटो काढायचे, होडीवाले कपाळाला हात लावायचे. पाण्यात पिंजऱ्यासारखं जाळं उभं केलं की सील आत शिरायचे, मासे फस्त करायचे आणि जाळं फाडून पसार व्हायचे.

"गोळ्या घालायची परवानगीच मागतो," भाचा एकदा चिडून म्हणाला.

"मग दुसरे येतील. त्यांनाही घालत बसशील?"

"तुझं काय जातंय, आत्या? जाळी फाटली की तुझीच चांदी!"

हे मात्र तिला झोंबलं. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या होडीत जाऊन बसली. जन्म जाळ्यांत गेला, पण होडी हलली की तिला मळमळायचं. त्या दिवशीही ओकून ओकून बेजार झाली, तरी कठडा धरून पाण्यात बघत राहिली. एक सील आला, जाळ्याच्या तोंडात डोकं घातलं, अंग चोरलं आणि सुळकन आत.

"अस्सं होय रे मेल्या!" आत्या पुटपुटली.

तिनं ताठ दोराची चौकटी-चौकटीची जाळी विणून त्या तोंडात बसवली. सील अडले, पण मोठे मासेही बाहेरच राहिले. धक्क्यावर हशा पिकला. आत्यानं चार शिव्या हासडल्या, सगळं उसवलं, घरं जरा रुंद केली आणि पुन्हा होडीत बसली. पुन्हा ओकली. तिसऱ्या खेपेला जमलं.

मग हसणारे एकेक करून शेडमध्ये आले. तिनं काहीही आडपडदा न ठेवता सगळ्यांना विणायला शिकवलं. फाटकी जाळी येईनाशी झाली, तशी ती ताडपत्र्या शिवू लागली. कुरकुर नाही.

भाच्याचा खलाशी सीलांना अजून दरोडेखोरच म्हणतो. पण होडीवाल्यांच्या बैठकीत गोळ्या घालायचा विषय निघाला, तेव्हा भाचाच उठून म्हणाला, "राहू द्या. आमचं भागतंय."

घरी येताना त्यानं आत्याला विचारलं, "तुला आवडतात का गं ते सील?"

"आवडायला काय, नुसता घाण वास!" आत्या म्हणाली. "पण पोट त्यांनाही आहे. आणि पोहतात बघ कसे, लुच्चे!"