रडारवरचा पाऊस आणि सोयाबीनची गंज

बाळांनो, गावाकडचा व्हिडिओ का दिसत नाही हे तुम्ही परवा तिसऱ्यांदा विचारलंत, आणि उन्हाळ्यात याहून ताकदीचा डबा आणतो म्हणालात. तुम्ही तो विकत घ्यायच्या आत हे लिहून पाठवते आहे. आणू नका.

मागच्या सुट्टीत तुम्ही अहमदपूरजवळच्या आपल्या गावी वायफायचे दोन पांढरे डबे बसवलेत. एक घराच्या गच्चीवर, दुसरा शेतातल्या आखाड्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, पत्र्यावर. आखाड्यावरच्या म्हशी तुम्हाला तिकडे बसून कॅमेऱ्यातून दिसाव्यात म्हणून. म्हशींनी मात्र तुमची कधी चौकशी केली नाही.

सोयाबीनच्या काढणीला मी नेहमीप्रमाणे नांदेडहून गावी गेले. कापणी होऊन झाडांची गंज अंगणात रचली होती, मळणीयंत्र दुसऱ्या दिवशी यायचं होतं. या गंजीतूनच आपलं घरचं बियाणं निघतं. शेत सांभाळणाऱ्या माझ्या धाकट्या जावेने, म्हणजे तुमच्या धाकट्या आजीने, दुकानातलं बियाणं आजवर पेरलेलं नाही. तिचा सगळा तोरा त्या बियाण्यावर.

तुमच्या पणजोबांनी धर्मांतर केलं त्या वर्षी घरातलं पंचांग काढून टाकलं. खिळा तसाच राहिला. मी त्याला मोबाईल टांगते आणि सकाळ-संध्याकाळ हवामान खात्याच्या रडारचं चित्र पाहते. भक्ती तेवढीच, फक्त चार्जिंग लागतं.

त्या संध्याकाळी चित्रात एक पिवळा पट्टा दिसला. दूरच्या टेकडीवरच्या रडारपासून निघून, काठीसारखा सरळ, थेट आपल्या गावावर. पिवळं म्हणजे पाऊस. मी यंत्रवाल्याला फोन करून थांबवलं आणि गंजीवर ताडपत्री घालून चहूबाजूंनी दगड ठेवायला लावले.

जाऊ अंगणात उभी राहून वर पाहत होती. "अक्का, आभाळात चिमणीएवढा ढग न्हाई. कुटून यायलाय पाऊस?"

"रडारवर आहे."

"मग रडारवरच पडू द्या की त्याला."

दुसऱ्या दिवशी पट्टा होता. तिसऱ्या दिवशीही होता. ऊन असं की पापड वाळावेत. चौथ्या दिवशी जावेने ताडपत्रीखाली हात घातला आणि माझ्या नाकापुढे धरला. हात गरम, वास कुबट. "गंज उबली हाय. बियाणं मरंल, अक्का. तुमी लई शिकलेल्या, पन जरा वर बघत जा."

मी तिला वाऱ्याची दिशा समजावून सांगितली. ढग चालतो, आणि हा पट्टा चार दिवसांत बोटभरही हलला नव्हता, हे आयुष्यभर वर्गात "नीट वाचा" म्हणून ओरडलेल्या बाईच्या लक्षात आलं नाही.

पाचव्या दिवशी दारात जीप थांबली. टपावर अँटेना. आतून सरकारी खात्याचा एक सभ्य तरुण उतरला. रडारच्या चित्रातला तोच पट्टा धरून तो माग काढत आला होता.

"आजी, गच्चीवर काय आहे?"

"नातवंडांचा डबा."

जाऊ म्हणाली, "आन् खाली माझी गंज हाय. ती बी बघा."

चहा घेताना त्याने समजावलं. रडार हाक मारतं आणि पावसावरून परत येणारा आवाज ऐकतं. आपला डबा त्याच लहरींवर बडबडत होता, म्हणून त्या दिशेला रडारला पाऊसच पाऊस दिसत होता. पावसाळाभर खऱ्या ढगांत तो पट्टा मिसळून गेला असावा. रडारची चाहूल लागली की डब्याने गप्प बसून दुसरीकडे सरकायचं असतं, पण ती सोय कोणीतरी बंद केली होती. कोणी, ते मी त्याला सांगितलं नाही. चित्र अडकू नये म्हणून तुम्ही गच्चीवर बसून काय काय बंद केलंत, ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणजे गावावर येणारा पाऊस आपल्याच गच्चीवरून निघत होता, आणि मी त्याला भिऊन ताडपत्री घालत होते.

जावेने सगळं ऐकून घेतलं. "पंचांगवाला निदान दक्षिणा घेऊन जात तरी होता," ती म्हणाली आणि गंज उघडायला गेली.

वरचा थर काळवंडला होता. मळणी झाल्यावर आम्ही दरवर्षीसारखे ओल्या गोणपाटात शंभर-शंभर दाणे गुंडाळून ठेवले, वरच्या थराचे वेगळे, खालच्या थराचे वेगळे. ते आठ दिवस जाऊ माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलली. गोणपाट उघडलं तेव्हा मोजायला मात्र तिने मलाच बसवलं. "मोजा. तुमचं गणित पक्कं हाय."

वरचे एकतीस उगवले होते, खालचे ब्याऐंशी. सत्तर उगवले की बियाणं पेरायला चालतं. तिने ब्याऐंशी दोनदा मोजायला लावले.

डबे मी कपाटात ठेवले आहेत. म्हशी फोटोत पाहा. घरचं बियाणं तीन पोती उरलं आहे, मधल्या खोलीत फळीवर, भिंतीपासून हातभर लांब.