अक्कांचा आवाज कोणत्या वाटेने गेला

हिरवे दिवे नाचत होते आणि सभागृह निःशब्द होते. रविवारची सकाळ, साडेनवाचा सुमार. उंच झरोक्यांतून आलेले ऊन रिकाम्या खुर्च्यांवर तिरपे पडले होते, नुकत्याच पुसलेल्या फरशीचा ओला, फिनेलचा वास हवेत रेंगाळत होता आणि माझ्या पुढ्यातल्या नव्या डिजिटल मिक्सरवर इवल्या दिव्यांची एक रांग वर उसळत होती, खाली पडत होती. मंचावर अक्कांचे ओठ हलले की दिवे उसळत. म्हणजे आवाज माइकमधून निघून यंत्राच्या पोटात सुखरूप पोहोचत होता. तरीही भिंतींवरच्या स्पीकरमधून एक निःश्वाससुद्धा बाहेर पडत नव्हता. आत शिरलेला आवाज मग जात होता कुठे?

कोल्हापुरात मी ध्वनिव्यवस्थेचा धंदा सुरू केला तो नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी. तेव्हाचा माझा मिक्सर म्हणजे बटणांनी भरलेला एक जडशीळ पत्र्याचा पेटारा होता. पण त्याचा स्वभाव सरळ होता. आवाज हरवला, तर वायर चिमटीत धरायची आणि तिच्या मागोमाग चालत राहायचे. कुठेतरी ढिली पिन सापडे, कुठेतरी उंदराने कुरतडलेली तार. दोष हाताला लागत असे. किती आश्वासक होती ती गोष्ट, हे मला ती हातची गेल्यावर कळले.

नव्या यंत्रात वाटा दिसतच नाहीत. कुठल्या माइकचा आवाज कुठल्या स्पीकरकडे जाणार, हे एका लहानशा पडद्यावर ठरते, आणि त्या पडद्याच्या मागे आणखी पडदे असतात. त्या वर्षी सगळेच नवे यंत्र मागू लागले होते, म्हणून पुण्याहून एक थोडेसेच वापरलेले आणले. दोन दिवस त्याच्याशी झटलो आणि आपल्याला ते जमले, असे स्वतःला पटवले. खरे सांगायचे, तर जमले नव्हते. पंधरा वर्षे याच धंद्यात मुरलेल्या माणसाने पुन्हा अडाणी व्हायचे, हे मनाला झेपत नव्हते, इतकेच.

आणि पहिलाच कार्यक्रम आला तो गिरिजाक्कांचा.

अक्का मूळच्या नेसरीकडच्या. घर लिंगायत, घरात मराठी आणि कानडी दोन्ही भाषा सारख्याच नांदणाऱ्या. कोल्हापुरात त्यांनी तीसेक वर्षे मुलींना गाणे शिकवले. त्या कानडी वचने, म्हणजे लिंगायत संतांची पदे, गात, तेव्हा शब्द न कळणारी माणसेही मान खाली घालून ऐकत बसत. पेटीच्या साथीला कायम बसूअण्णा. वयाने अक्कांहून लहान, मितभाषी, पेटीखेरीज कुठल्या गोष्टीत फारसा जीव न गुंतवणारा माणूस. अक्कांच्या शिष्यांनी त्या दिवशी त्यांचा सत्कार योजला होता. अकरा वाजता आधी त्यांचे गायन, मग सत्कार. सभागृह लहान, म्हणून बाहेरच्या आवारात मांडव घालून तिथेही दोन स्पीकर लावले होते. मांडवात एव्हाना पन्नासेक माणसे येऊन पोहे खात बसली होती. त्यांत अक्कांची लेक महानंदाही होती. ती सकाळीच इचलकरंजीहून आली होती.

आवाज येईना, तसा मी अस्वस्थ झालो. स्पीकर तपासले, ठीक होते. माइक बदलला, तरी दिवे नाचतच राहिले आणि शांतता तशीच राहिली. मग भांबावलेला माणूस जे करतो, तेच मी केले. अक्कांच्या माइकची सरकपट्टी आणखी वर ढकलली. आणखी थोडी. अगदी टोकापर्यंत. मंचावरून अक्कांनी हातानेच ‘येत नाही का?’ असे विचारले. मीही हातानेच ‘थांबा’ म्हटले. माइक बंद आहे असे समजून त्या बसूअण्णांकडे झुकल्या आणि हळू आवाजात काही सांगू लागल्या. मी दूर, सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला. मला फक्त ओठ दिसत होते आणि दिवे.

तेवढ्यात सभागृहाचे बंद दार ढकलून चहावाले काका आत आले. हातात किटली तशीच.

“ओ पावणं, भाईर अक्का बोलायलीत. खाजगी हाय काय तरी. बंद करा की ते.”

मी धावत बाहेर गेलो. मांडवात कोणी खात नव्हते. पोह्यांच्या बशा हातातल्या हातात थांबल्या होत्या आणि माझ्या दोन्ही स्पीकरमधून, मीच टोकापर्यंत चढवलेल्या आवाजात, अक्का बोलत होत्या.

“...डावा कान गेला बसू. वरीस झालं. पेटीचा सूर ऐकू येत न्हाई मला, तुझी बोटं बघून सा धरते. आजचं शेवटचं. पोरींना कळू दिऊ नको. महानंदाला तर न्हाईच.”

महानंदा खांबाला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी कशी सांगू? तीत राग असता तर बरे झाले असते.

आत येऊन मी आधी बाहेरचा आवाज तोडला आणि मग पडद्यामागचे पडदे एकेक उलगडत गेलो. तिसऱ्या पानावर सापडले. माझ्याआधी हे यंत्र ज्याने वापरले, त्याने आखून दिलेल्या वाटा त्यात जशाच्या तशा साठवलेल्या होत्या. पहिला माइक सभागृहापासून तोडलेला आणि थेट एका वेगळ्या वाटेला जोडलेला. आणि नेमकी त्याच वाटेच्या टोकाला मी मांडवाची वायर खोचली होती. यंत्राने काहीच चूक केली नव्हती. त्याला सांगितले होते तिथे त्याने आवाज निष्ठेने पोहोचवला. दोन बोटांचे काम होते. सभागृहात अक्कांचा खाकरण्याचा आवाज घुमला आणि मंचावरून त्यांनी समाधानाने मान हलवली.

खरा गुंता तिथून पुढे होता. तो सोडवायला कुठले पान उघडायचे?

महानंदा माझ्यापाशी आली. “दादा, आईला सांगू नका. भाईर सगळ्यांशी बोललेय मी, कोण काय बोलणार न्हाई. तिला कळलं तर ती गाणारच न्हाई.”

मी मान डोलावली. पण पुढची वीस मिनिटे मला एका जागी बसवेना. उगाच वायरी गुंडाळल्या, पुन्हा सोडल्या. तिचे म्हणणे मायेचे होते, आणि चुकीचेही नव्हते. पण माझ्या डोळ्यांपुढे येत होते ते सभागृह: अक्का गाणार, आणि समोरची पन्नास माणसे गाणे ऐकायचे सोडून त्यांच्या डाव्या कानाकडे पाहणार. एखादा सूर हलला की एकमेकांकडे करुणेने बघणार. आणि या सगळ्या दयेच्या मध्यभागी त्या एकट्याच अजाण बसणार. ज्यांचे गुपित फुटले, त्यांनाच तेवढे ते ठाऊक नसावे, याहून मोठा अपमान कोणता? शिवाय ते फोडले होते मी. लेकीच्या मायेआड माझी चूकही सोयीस्करपणे झाकली जात होती, हे मला आतून टोचत होते.

मी मंचावर गेलो आणि अक्कांच्या समोर बसलो. त्यांच्या उजव्या बाजूला सरकून बसलो, हे माझ्या ध्यानात आले आणि बहुधा त्यांच्याही.

“अक्का, मघाशी तुमचा माइक बंद नव्हता. मला यंत्र नीट येत न्हाई, माझ्याकडनं चूक झाली. तुम्ही बसूअण्णांना जे सांगितलं, ते मांडवात गेलं.”

बसूअण्णांनी पेटीचा भाता मिटला. अक्कांनी पदराच्या काठावरून बोट फिरवले.

“किती जणांनी ऐकलं?”

“पन्नासेक असतील.”

“महानंदानं?”

“व्हय.”

त्या रडल्या नाहीत, मला बोलल्याही नाहीत. बोलल्या असत्या, तर मी सुटलो असतो. त्यांनी फक्त समोर ठेवलेल्या तिरक्या स्पीकरकडे पाहिले. कलाकाराला स्वतःची साथ ऐकू यावी म्हणून आम्ही तो जमिनीवर ठेवतो, आणि त्यांच्यासाठी मी तो वर्षानुवर्षे डावीकडेच, पेटीच्याच बाजूला, ठेवत आलो होतो. कान गेल्यावरही तो हलव, असे त्यांनी कधी सांगितले नाही. सांगितले असते, तर कारण द्यावे लागले असते.

“मग आता लपवायला काय ऱ्हायलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “तो बॉक्स उजवीकडं आण. आन् त्यात पेटी जास्त सोड.”

अकरा वाजता त्या गायल्या. आयुष्यातले सर्वोत्तम गाणे होते, असे मी म्हणणार नाही. पहिल्या वचनात दोनदा सूर किंचित खाली उतरला, नंतर स्थिरावला. पण तिसऱ्या वचनाच्या मध्यावर त्यांनी डोळे मिटले. नंतर बसूअण्णा मला म्हणाले, “वरीसभर डोळं उघडं ठिवून गात होत्या. मला वाटायचं, माझ्यावर चिडल्यात.” सत्कार झाला, शाल झाली. शेवटचे गाणे वगैरे त्या काही बोलल्या नाहीत. महानंदा मात्र सबंध वेळ पहिल्या रांगेत बसून होती, आणि कार्यक्रम संपताच ती माझ्या अंगावरून तशीच निघून गेली. तिचा शब्द मी मोडला होता. ते चूक की बरोबर, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

दोन-तीन आठवड्यांनी अक्कांचा फोन आला. “संभा, कानाच्या डॉक्टरकडं जायचंय. महानंदाला कामातनं सवड न्हाई. तूच चल.” हा शिक्षेचा प्रकार होता की क्षमेचा, हे न विचारता मी गेलो.

दवाखान्यात काचेच्या खिडकीची एक बंद खोली होती. आत बसायचे, कानांवर हेडफोन चढवायचे आणि शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचे. अक्कांची तपासणी झाली. उजवा कान उत्तम, डाव्यात फारसे उरले नव्हते. कानाचे यंत्र लावून थोडा उपयोग होईल, असे डॉक्टर म्हणाले. त्या बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “आता तू बस.”

“माझं कशाला, अक्का?”

“त्या भोंग्यांपाशी जलम काढलास. बस मुकाट्यानं.”

मी बसलो. सुरुवातीच्या ठसठशीत शिट्ट्यांना मी झरझर बटण दाबले. मग त्या बारीक होत गेल्या, उंच होत गेल्या, आणि मग नुसती वाट पाहणे उरले. काचेपलीकडे डॉक्टरांची बोटे हलत होती. ती थांबत, पुन्हा हलत. काहीतरी वाजवले जात होते, हे मला दिसत होते. माझा अंगठा बटणावर तसाच स्थिर होता. डॉक्टरांच्या मागे अक्का उभ्या होत्या आणि त्या बोटांकडे नव्हे, माझ्या अंगठ्याकडे पाहत होत्या.

वरच्या पट्टीतले ऐकणे बरेचसे गेले आहे आणि ते परत येणार नाही, असे डॉक्टरांनी शांतपणे सांगितले. माझ्या हातात एक कागद दिला. त्यावर एक रेघ बराच वेळ सरळ चालत येऊन एकाएकी खाली कोसळली होती. ज्या कानांवर माझे घर चालते, ज्यांच्या भरवशावर मी इतरांचे सूर उजळ-मंद करत आलो, त्यांचा हा नकाशा. कधीपासून मला असलेलेही ऐकू येत नव्हते? मला कमी वाटणारे उंच सूर चढवून किती मैफिली उगाचच कर्कश केल्या असतील?

बाहेर आलो. रस्ता उन्हाने भरलेला, रिक्षांचा गलका. अक्कांनी माझ्या हातातला कागद घेतला, स्वतःच्या कागदात घालून चार घड्या केल्या आणि पिशवीत ठेवला.

“तुझ्या पोटाची गोष्ट हाय,” त्या म्हणाल्या. “ही माझ्याजवळच ऱ्हाऊ दे.”

त्यांनी ती कुणालाही सांगितली नाही. आज तुम्हाला सांगितली ती मी.