सहाशे ग्रॅमची सॅक

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला शोध लागला, की माणूस डोंगर पायांनी चढत नाही, सॅकनं चढतो.

मी भवानीनगरला राहतो आणि शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे कुठलीही गोष्ट अभ्यास केल्याशिवाय करत नाही. (अभ्यास करूनही ती जमत नाही, हा भाग वेगळा.) बायकोनं, म्हणजे सुरेखानं, भोरजवळच्या एका किल्ल्यावर जायचं ठरवलं आणि मी दोन महिने मोबाईलवर फक्त सॅकचे व्हिडिओ बघितले. कमरेचा पट्टा नको, वजन वाढतं. खांद्याला गादी नको, वजन वाढतं. जाड कापड तर नकोच नको! शेवटी घरी आली एक फिकट निळी, सहाशे ग्रॅमची सॅक. पंखा लावला की खुर्चीवरून उडायची.

आदल्या दिवशी आम्ही वडगाव निंबाळकरला सासुरवाडीत मुक्काम केला. कंपनीच्या आकड्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून संध्याकाळी सॅक घेऊन थेट दूध डेअरीचा काटा गाठला. मागं किटल्या घेऊन ही रांग!

“सर, ही रिकामी हाय न्हवं?” काटेवाल्यानं विचारलं.

“हो.”

“मग मापताय काय?”

“रिकामेपणा!” मी बाणेदारपणे म्हणालो.

“पिशवीचा का डोस्क्याचा?” रांगेतून आवाज आला.

त्याच रांगेत माझे सासरे, तात्या, उभे होते. वय बहात्तर. “कुठं, डोंगरावर? मग मीबी येतो की,” एवढंच म्हणाले.

सकाळी ते तयार होऊन आले, तर पाठीवर पशुखाद्याचं पोतं! त्याला नायलॉनच्या दोरीचे दोन बंद शिवलेले. आत भाकरी, ठेचा, पाण्याचा कॅन, कोयता आणि म्हशीचा कासरा.

“तात्या, कासरा कशाला?”

“डोंगर हाय. असावा.”

गाडीत मी त्यांना पाठीवर भार कसा विभागतात हे शास्त्रशुद्ध समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “जावायबापू,” शेवटी म्हणाले, “ह्ये बैलाला न शिकवता कळतं.”

पायथ्याशी गाडीची किल्ली मी सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

“अहो, किल्ली माझ्या पर्समध्ये द्या,” सुरेखा म्हणाली.

“पर्सचा काय भरवसा?”

तिनं माझ्या सॅकमध्ये गुपचूप दोन किलो पेरू भरले होते, हे मला अर्ध्या चढावर कळलं. म्हणजे टर्रकन आवाज झाला आणि उजवा बंद सुटला तेव्हा! डाव्यानंही लगेच राजीनामा दिला. पेरू पुढं, सॅक मागं, अशी मिरवणूक उताराला लागली. मी झडप घातली. सॅक हाती आली नाही, पाय मात्र मुरगळला. सॅक पंधराएक फूट खाली एका झुडपात अडकली.

“अहो, किल्ली!” सुरेखा किंचाळली.

तात्या पुढं झाले. पोतं उतरवलं, कासरा झाडाला बांधला, कोयता कमरेला खोवला आणि मुरमाच्या घसाऱ्यावरून उतरायला लागले. खालून दगड गडगडल्याचा आवाज आला. म्हाताऱ्याला काही झालं तर वडगावात तोंड दाखवता आलं नसतं. आणि तोंड दाखवायला जावं, तर गाडीची किल्ली नव्हती! सुरेखा ताणलेल्या कासऱ्याकडं बघत होती. माझ्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

“तात्या, सोडून द्या ती सॅक! या वर!” मी खरोखर रडकुंडीला येऊन ओरडलो.

बऱ्याच वेळानं तात्यांचं डोकं दिसलं. बंदांना गाठ मारून गळ्यात माझी सॅक, तोंडात पेरू.

“ग्वाड हायेत,” ते म्हणाले. “किल्लीबी हाय.”

किल्ला राहिला. आम्ही परत फिरलो. तात्यांच्या पाठीवर पोतं, गळ्यात सॅक आणि उजव्या खांद्यावर भार टाकून लंगडत येणारा मी. समोरून कॉलेजच्या पोरापोरींचा एक घोळका वर येत होता. त्यांना दया आली.

“आजोबा, किती ओझं घेतलंय! एखादं आमच्याकडं द्या, खाली पोचवतो.”

तात्या थांबले. माझ्याकडं बघत म्हणाले, “व्हय की! जावाय न्या.”

पोरांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघितलं आणि निमूटपणे पोतं उचललं.