घरात दोन रॅपर

माझी आई चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये साबणाच्या वड्यांना कागद गुंडाळायची. वर्षानुवर्षं. मी रॅप करतो हे तिला कळलं, तेव्हा ती पोट धरून हसली होती.

"म्हंजे तू पण रॅपर? घरात दोन रॅपर झाले! मी गुंडाळतंय, तू फाडतंस."

आमच्यात जबरदस्त रॅप केला की स्टेज 'फाडला' म्हणतात, हे तिला ठाऊकही नव्हतं. इतकी चोख ओळ मला आयुष्यात सुचलेली नाही. तरी मी ती कधी म्हटली नाही. म्हटली असती तर आई काय करते ते सगळ्यांना कळलं असतं.

रविवारी दुपारी बोरिवलीच्या एका बागेत आम्ही पोरं रॅपमधून एकमेकांना भिडायचो. फ्रीस्टाईलमध्ये तोंडात पहिलं येतं तेच खरं, असं आम्ही छाती ठोकून सांगायचो. एकदा समोरच्याने यमकातच विचारलं, तुझी आई काय करते? माझ्या तोंडात पहिलं आलं ते 'बँक'. पुढे रँक, टँक, सगळं जुळत गेलं. टाळ्या पडल्या. घरी आईने विचारलं, "जिंकलंस?" मी तिच्याकडे न बघताच मान हलवली.

पुढे मला कोणी स्टेज देईना, म्हणून दुसऱ्यांसाठी लिहू लागलो. गाण्यावर नाव त्यांचं, आपण कुठे तोंड उघडायचं नाही, अशी सहीच करून दिलेली. अंधेरीच्या स्टुडिओत एक बडा रॅपर म्हणाला, "भाई, आईवर काहीतरी दे ना यार, एकदम दिल से." त्याची आई डॉक्टर. मी अर्धा तास पेन चावलं आणि माझ्या आईची ओळ त्याला देऊन टाकली. तो "झकास!" म्हणाला, तेव्हा मी निर्लज्जासारखा खूशही झालो.

गाणं गाजलं. एका सकाळी आई घावने घालत होती आणि रेडिओवर तेच लागलं. 'घरात दोन रॅपर' आलं तसा तिचा हात थांबला. मेलो, आता हिने ओळखलं, असं मला वाटलं. पण ती स्वतःचं बोलणं विसरली होती. निदान तिने तसं दाखवलं तरी.

"त्याची आवस पण पॅकिंगाक होती काय रे?"

खरं सांगायला तोंड उघडलं, आणि पुन्हा पहिलं जे आलं तेच बोललो.

"हो."

तिने घावन उलटलं, माझ्या ताटात वाढलं.

"गुणी हा पोरगो," ती म्हणाली. "आवशीची लाज नाय वाटली त्याका."