पुसलं कुणी, ते दिसतच नाही

आमच्या अक्षदाताईला निष्काळजी म्हणणाऱ्याचं थोबाडसुद्धा मला बघायचं नाही. परळच्या आमच्या धर्मादाय रुग्णालयात ती बावीस वर्षं रेकॉर्डरूममध्ये आहे, मी नम्रता, तिच्या बाजूच्या टेबलावर. नायगावच्या चाळीत वाढलेली बाई. वाचनाची नजर अशी, की डॉक्टर स्वतःचंच लिहिलेलं तिच्याकडून वाचून घ्यायचे.

केसपेपर कागदी होते तेव्हा तिची एकच शिस्त. ओळ वाचायची, बाजूला टिंब द्यायचं, पुढे जायचं. गेल्या वर्षी कॉम्प्युटर आले. बोटांना लागलेली सवय जाते थोडीच! ताई ओळीवर क्लिक करायची आणि टिंबाऐवजी स्पेसबार दाबायची.

आता त्या मेल्या सॉफ्टवेअरची अक्कल बघा. नुसतं वाचताना जी पांढरी स्क्रीन, तीच दुरुस्ती चालू असतानाही. कोपऱ्यात तांदळाएवढी राखाडी पेन्सिल, बस्स. क्लिक चुकून दोनदा पडलं की दुरुस्ती सुरू, आणि मग स्पेस दाबला की त्या रकान्यातलं सगळं साफ. विचारणं नाही, सांगणं नाही, वर आपोआप सेव्ह!

शिवडीच्या गोदामात हमाली करणाऱ्या धोंडूकाकांच्या कार्डावरचं 'पेनिसिलिन चालत नाही' असंच गेलं. इंजेक्शन दिलं आणि काकांचा श्वासच कोंडला. दोन दिवस आयसीयूत होते. वाचले, नशीब त्यांचं.

रेकॉर्ड ताईच्या ताब्यात, म्हणून मेमो आला ताईवर. निष्काळजीपणा मान्य असल्याची सही करा, नाहीतर नोकरी विसरा.

चौकशीला सॉफ्टवेअर कंपनीचा हर्षवर्धन आला होता. म्हणतो कसा, "मॅडम, कुठला मोड चालू आहे ते बघायला हवं ना."

ताईचं डोकंच फिरलं. सरावाचं खोटं कार्ड उघडून तिने त्याला खुर्चीत बसवलं. "सांग, दुरुस्ती चालू की बंद?"

तो स्क्रीनला नाक लावून बघत बसला. "बंद."

ताईने स्पेस दाबला. पेशंटचं नाव गायब.

"तू बनवलंस, तुला दिसेना. मला कुठून दिसणार रे? दुरुस्ती चालू झाली की अख्खी स्क्रीन पिवळी कर, मोठ्या अक्षरात लिहून येऊ दे. मग दाखव माझ्याकडे बोट. तोवर सही नाही."

आमच्या अधीक्षक मॅडम म्हणाल्या, "पुढच्या व्हर्जनमध्ये बघू." तोवर पेशंटांनी काय आजारी पडायचं थांबायचं?

सही केली नाही म्हणून ताईला घरी बसवलंय. स्क्रीन आहे तशीच पांढरी आहे, आणि तिचं काम आता माझ्याकडे.

काल लालबागच्या लक्ष्मीकाकू आल्या. सत्तरी उलटलेली. कार्ड उघडलं तर अॅलर्जीचा रकाना रिकामा. मुळात काही नव्हतंच की पुसलं गेलं, आणि पुसलं तर ताईने की मी? काहीच कळेना. शेवटी त्यांनाच विचारलं.

"काकू, कुठलं औषध चालत नाही तुम्हाला?"

काकू हसल्या. "तां माका खंय आठवता? तुमच्याकडे लिवलेला आसा ना गो."