गुळाचा उतारा

सावेडीतला आमचा बॅटरीवाला हल्ली भर मे महिन्यात स्वेटर घालून बसतो. जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं वितळवायचं, हे त्याचं काम. पूर्वी तडातडा बोलायचा. आता एकेक शब्द ओढत आणतो. गळाही सुजलाय. डॉक्टरांनी थायरॉईडच्या गोळ्या दिल्या आणि रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं.

"तपासलंत का?" मी परवा पुन्हा विचारलं.

"कशाला? रोज गूळ खातो की. गुळानं समदं शिसं निघून जातंय." त्याने डबा उघडला, काळ्या बोटांनी खडा मोडून माझ्यापुढे धरला. "घ्या, तुमी बी धुरात हुबं हाय."

मी त्याचा हात बाजूला सारला. "अहो, आधी हात तरी धुवा!"

"धुतो की, खाऊन झाल्यावर," तो खडा तोंडात टाकत म्हणाला. "गुळानं लई चिकट होत्यात."